सागरी अभियंत्याची परीक्षा

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि विषय येणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरून शिक्षणाचा बराचसा व्यवहार चालत असतो. पुष्कळ विषयांत या गृहीतकाने मोठेसे नुकसान होत नाही. पदवी मिळते, नोकरी लागते, आणि जे शिकायचे राहिले ते माणूस हळूहळू कामावर शिकून घेतो. पण काही व्यवसाय असे आहेत, की त्यांत गुणपत्रिका आणि गुणवत्ता यांमधील अंतर फार काळ झाकून राहू शकत नाही. सागरी अभियांत्रिकी हा अशांपैकी एक. बंदरांचे बांध, समुद्रातून तेल काढणारे मंच, तळावरून जाणाऱ्या नळवाहिन्या, लाटांपासून व वाऱ्यापासून वीज निर्माण करणारी साधने, खोल पाण्यात उतरणारी याने, हे सारे या शास्त्राच्या कक्षेत येते. या विषयाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला खरोखर काय येते, हे विद्यापीठाने कसे ओळखावे, असा हा प्रश्न आहे. दिसायला तो शिक्षकांच्या बैठकीतला वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

१९८२ सालच्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्वेस, किनाऱ्यापासून सुमारे २६७ किलोमीटरांवर, ‘ओशन रेंजर’ नावाचा तेलविहीर खोदणारा तरंगता मंच वादळात बुडाला. त्यावर ८४ माणसे होती; त्यांपैकी एकही वाचला नाही. लाटेच्या तडाख्याने नियंत्रण-कक्षाच्या खिडकीची काच फुटली, खारे पाणी आत येऊन विजेच्या पटलावर पडले, आणि मंचाचा तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत पाणी घेणाऱ्या व सोडणाऱ्या झडपांचा कारभार बिघडला. मंच पुढच्या बाजूस कलू लागला. पुढे नेमलेल्या शाही आयोगाने चौकशी केली, तेव्हा आराखड्यातील उणिवांबरोबरच दुसरीही एक गोष्ट उघड झाली. ज्यांच्या हाती ती यंत्रणा होती, त्यांना ती अशा प्रसंगी कशी वागेल याची पुरेशी जाण नव्हती. प्रशिक्षण अपुरे होते. तपशीलवार मार्गदर्शिकाही नव्हती. तोल सावरण्यासाठी केलेल्या प्रयत्नांनीच तो अधिक बिघडला.

दुसरी घटना नॉर्वेमधील आहे. तेथे २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया पाण्यात हळूहळू उतरवून पाहण्याचे काम चालू होते. तो सुमारे ६५ मीटर खोल गेला असता एका पोकळीची भिंत फुटली, पाणी आत शिरले आणि सबंध बांधकाम तळाशी जाऊन त्याचा चुरा झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरांचे झाले. संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने केलेल्या गणितात त्या जागेची आकृती पुरेशा बारकाईने मांडलेली नव्हती. त्यामुळे भिंतीला कात्रीसारखे कापू पाहणारे प्रतिबल ४७ टक्के कमी धरले गेले, आणि तेथे पोलाद अपुरे पडले. अपघातानंतर हेच गणित काळजीपूर्वक पुन्हा केले, तेव्हा भिंत ६२ मीटरांच्या आसपास फुटेल असे उत्तर आले. म्हणजे शास्त्र तोकडे पडले नव्हते. संगणकाच्या उत्तराकडे संशयाने पाहण्याची, त्याचा पडताळा साध्या हिशेबाने घेण्याची सवय तोकडी पडली होती.

या दुर्घटनांचे खापर कोणत्याही विद्यापीठाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. अशा आपत्तींना अनेक कारणे असतात आणि त्यांत सामील असलेले सगळेच काही पदवीधर अभियंते नसतात. तथापि सागरी अभियंत्याच्या अंगी कोणत्या क्षमता असल्या पाहिजेत, हे या घटनांइतके स्पष्टपणे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगू शकणार नाही. यंत्रणेचे सगळे भाग एकमेकांवर कसे परिणाम करतात हे उमजणे, आपल्याच उत्तरावर अविश्वास दाखवता येणे, आणि जे समजले ते वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहून ठेवणे, या त्या क्षमता होत. आता प्रश्न असा, की तीन तासांच्या लेखी परीक्षेत यांपैकी कोणती कसोटीला लागते?

या शास्त्राचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण फार जुने नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड आणि हवाई येथील विद्यापीठांत ते १९६६ च्या सुमारास सुरू झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्था यांचा संयुक्त अभ्यासक्रम १९६८ चा. भारतात खरगपूरच्या आय. आय. टी.त नौकास्थापत्याचे शिक्षण १९५२ पासून होते, आणि मद्रासच्या आय. आय. टी.त सागरी अभियांत्रिकीचे केंद्र १९७७ मध्ये उभे राहिले. मराठी मुलखाचाही या विद्येशी निकटचा संबंध आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या, पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळेत बंदरांच्या व किनाऱ्यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग होतात. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आणि मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडल्यापासून या शास्त्राचे महत्त्व अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

शिक्षणाचे मोजमाप कसे करावे याविषयीचा विचार मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस मुळापासून बदलला. तोपर्यंत अभ्यासक्रमाची तपासणी म्हणजे शिक्षक किती, पुस्तके किती, प्रयोगशाळा कशी, तासिका किती, याची मोजदाद असे. अमेरिकेत १९३२ साली स्थापन झालेल्या आणि १९८० पासून ‘अ‍ॅबेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिमान्यता संस्थेने ही दृष्टी उलटी केली. संस्थेने काय दिले यापेक्षा विद्यार्थ्याने काय घेतले, हे पाहावे असे तिने ठरवले आणि त्यासाठी अकरा अध्ययन-निष्पत्ती सांगितल्या. पुढे त्यांची संख्या सात करण्यात आली. १९८९ मध्ये सहा देशांनी अभियांत्रिकीच्या प्रथम पदवीपुरता जो ‘वॉशिंग्टन करार’ केला, त्यात भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, तेव्हा हाच विचार आपल्याकडेही आला. भारतातील ‘नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन’ या मंडळाने पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी अवघ्या तीन निष्पत्ती आखून दिल्या: व्यावहारिक प्रश्न सोडवण्यासाठी स्वतंत्रपणे संशोधन करता येणे, भरीव तांत्रिक अहवाल लिहून तो मांडता येणे, आणि आपल्या विषयात प्रथम पदवीहून वरच्या पातळीचे प्रभुत्व असणे.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. विद्यार्थ्याला गुण देणे ही एक गोष्ट आहे आणि अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करणे ही दुसरी. गुण विद्यार्थ्याचा निकाल लावतात. मूल्यमापन शिकवणाऱ्यांचा लावते. एखाद्याला लाटांच्या शास्त्रात शंभरापैकी पंचाहत्तर गुण पडले, एवढ्यावरून त्याला काय येते हे कळत नाही. त्या पंचाहत्तरांत पाठांतर आहे, हजेरी आहे, गृहपाठ आहे, सुबक आकृत्या आहेत. ज्या पंचवीस गुणांना तो मुकला, त्यांतच अनिश्चिततेचा सगळा विचार गेला असेल, आणि वर्गातील प्रत्येकाचे नेमके तेच गुण गेले असतील, तर तो दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. पण बेरजेच्या आकड्यात तो दोष कायमचा बुडून जातो. म्हणून एकूण गुणांऐवजी एकेका क्षमतेचा पुरावा वेगळा काढून पाहावा लागतो.

त्यासाठी निष्पत्ती नेमक्या शब्दांत सांगावी लागते. ‘विद्यार्थ्याला लाटांचे ज्ञान होईल’ हे वाक्य निरुपद्रवी आहे, कारण ते खोटे ठरवण्याचा काही उपायच नाही. ‘दिलेल्या नोंदींवरून विद्यार्थी शंभर वर्षांच्या लाटेची उंची ठरवील आणि त्या अंदाजात किती चूक संभवते हे सांगेल’ हे वाक्य तपासता येते. ‘शंभर वर्षांची लाट’ ही संज्ञा मोठी फसवी आहे. शंभर वर्षांनी येणारी लाट असा तिचा अर्थ नाही; कोणत्याही एका वर्षी तितकी किंवा तिच्याहून मोठी लाट येण्याचा संभव एक टक्का, एवढाच तिचा अर्थ. पंचवीस वर्षे उभ्या राहणाऱ्या मंचाला अशी लाट एकदा तरी गाठण्याचा संभव सुमारे २२ टक्के असतो. सूत्र घालून लाटेची उंची बिनचूक काढणारा विद्यार्थी हा दुसरा आकडा ऐकून चकित झाला, तर त्याला गणित आले पण त्याचा अर्थ कळला नाही, असे समजावे.

दुसरे उदाहरण १९५० साली प्रसिद्ध झालेल्या मॉरिसन यांच्या सूत्राचे. पाण्यात उभ्या खांबावर लाटेचा किती जोर पडतो, हे या सूत्राने काढतात. प्रवाहाच्या वेगामुळे येणारा आणि पाण्याच्या त्वरणामुळे येणारा, असे जोराचे दोन भाग त्यात मांडलेले असतात. हे सूत्र ज्याला ठाऊक नाही असा या विषयाचा विद्यार्थी सापडणार नाही. पण ते सडपातळ खांबापुरतेच खरे आहे. खांबाचा व्यास लाटेच्या लांबीच्या सुमारे एकपंचमांशाहून मोठा झाला, की खांब लाटेचीच चाल बदलून टाकतो आणि सूत्र लंगडे पडते. आता खोल पाण्यातील आठ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर असते. प्रश्नपत्रिकेत एक मीटर व्यासाचा एक खांब आणि तीस मीटर व्यासाचा दुसरा स्तंभ देऊन दोहोंवरील जोर काढावयास सांगितले, तर दोन्ही ठिकाणी तेच सूत्र घालणारा कोण आणि दुसऱ्या ठिकाणी थांबून ‘येथे हे चालणार नाही’ असे लिहिणारा कोण, हे एका प्रश्नात कळते. सूत्र कोठे लावायचे नाही, हे कळण्यालाच प्रभुत्व म्हणतात.

लेखी प्रश्नांच्या पलीकडे अंतिम प्रकल्प आणि प्रबंध हे सर्वांत विश्वासार्ह पुरावे होत. तीनचार विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या लहान बंदराचा आराखडा करावयाचा असतो, तेव्हा लाटा, गाळ, माती, बांधकाम, खर्च, मच्छीमारांची अडचण आणि किनाऱ्याची धूप हे सारे विषय एकत्र येतात. परंतु येथेही एक पळवाट राहते. एकाने गणित करावे, दुसऱ्याने रेखाटावे आणि तिसऱ्याने केवळ बांधणी करून आणावी, असे गटात सहज घडते. यावर जुनाच पण रामबाण उपाय म्हणजे तोंडी परीक्षा. त्यातही प्रत्येकाला स्वतःच्या नव्हे तर सोबत्याच्या भागाविषयी प्रश्न विचारावेत. ‘ओशन रेंजर’वर उणीव होती ती अशा समग्र जाणिवेचीच.

तोंडी परीक्षेत किंवा अहवाल वाचताना परीक्षकाची लहर आड येऊ नये, म्हणून निकषांच्या पायऱ्या आधी लिहून ठेवतात. अनिश्चिततेचा विचार ही एकच क्षमता घेतली तर पहिल्या पायरीवरचा विद्यार्थी एकच आकडा देऊन मोकळा होतो. दुसऱ्या पायरीवरचा ‘यात चूक असू शकेल’ असे म्हणतो, पण किती ते सांगत नाही. तिसऱ्या पायरीवरचा चुकीची व्याप्ती आणि तिचे मूळ सांगतो. आणि चौथ्या पायरीवरचा त्यानुसार आराखडा बदलतो व कोणते नवे मोजमाप घेतल्यास अनिश्चितता कमी होईल हेही सुचवतो. दोन परीक्षकांनी, त्यांतील एक शक्यतो प्रत्यक्ष व्यवसायातला असावा, एकमेकांना न विचारता पायरी ठरवावी. मतभेद झाला तर तो लपवू नये. पुष्कळदा मतभेदाच्या चर्चेतूनच निकषांतली संदिग्धता उघडी पडते.

पदव्युत्तर सागरी अभियांत्रिकीची एक खास अडचण अशी, की विद्यार्थी थोडे असतात. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण पातेल्यातच आठदहा शिते असली तर? आठ विद्यार्थ्यांपैकी एकाने चांगले किंवा वाईट केले, की टक्केवारी साडेबारांनी वरखाली होते. अशा आकड्यांवरून ‘यंदा प्रगती झाली’ किंवा ‘घसरण झाली’ असे म्हणणे म्हणजे एका लाटेवरून भरतीओहोटी ठरवण्यासारखे आहे. म्हणून तीनचार वर्षांचे पुरावे एकत्र पाहावेत आणि सरासरीपेक्षा प्रत्यक्ष उत्तरपत्रिका व प्रबंध वाचण्यावर भर द्यावा. संख्या लहान असण्याचा हाच तर लाभ आहे, की प्रत्येकाचे काम वाचता येते.

दुसरी अडचण प्रवेशाची. या वर्गात कोणी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर असतो, कोणी यंत्रशास्त्राचा, कोणी नौकास्थापत्याचा, तर कोणी भौतिकशास्त्राचा. एकाला मातीचे गुणधर्म ठाऊक असतात पण द्रवगतिशास्त्र नवे असते. दुसऱ्याचे नेमके उलट. शेवटी सगळे एका पायरीवर आले तरी प्रत्येकाने केलेला प्रवास सारखा नसतो. पहिल्याच आठवड्यात, गुण न देता, एक छोटी चाचणी घेऊन ठेवली तर अभ्यासक्रमाने कोणाला कोठून कोठवर आणले हे सांगता येते. नाहीतर जे विद्यार्थी येतानाच घेऊन आले, त्याचे श्रेय संस्था घेऊन टाकते.

पदवीधरांना आणि त्यांच्या मालकांना प्रश्नावली पाठवण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. ती टाकाऊ नाही, पण तिचे प्रामाण्य दुय्यम मानले पाहिजे. ‘तुम्हाला आराखडा करता येतो असे वाटते का?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर आत्मविश्वास मोजते, क्षमता नव्हे. आणि अननुभवी माणसाजवळ आत्मविश्वासाचा तुटवडा क्वचितच असतो. मात्र चारपाच वर्षे काम केलेल्या माणसाला ‘विद्यापीठात काय शिकायचे राहिले?’ असे विचारले, तर पुष्कळदा मोलाचे उत्तर मिळते.

या साऱ्या खटाटोपाला शिक्षकांचा विरोध होतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. त्यांचे एक म्हणणे असे, की संशोधनाचे फळ आधी लिहून ठेवता येत नाही. जे आधीच ठाऊक आहे ते संशोधन कसले? हे खरे आहे. पण संशोधनाची निष्पत्ती म्हणजे यशस्वी निष्कर्ष नव्हे. कल्पना फसली तरी ती का फसली हे विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे आणि पुराव्यानिशी मांडले, तर तो चौथ्या पायरीवर असू शकतो. आणि सुंदर आलेखांमागे कच्चे मोजमाप लपवणारा पहिल्याच पायरीवर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कित्येक ठिकाणी मूल्यमापन म्हणजे तक्ते भरणे होऊन बसले आहे. परीक्षेचे तेच गुण निष्पत्तींच्या रकान्यांत वाटून टाकायचे, स्वतःच ठरवलेली मर्यादा स्वतःच ओलांडली असे दाखवायचे, तपासनीस येऊन गेले की कपाट बंद करायचे. अशा कागदांनी कोणत्याही विद्यार्थ्याचे शिक्षण रतिभर वाढत नाही. उलट शिक्षकाचा जो वेळ प्रबंध वाचण्यात जायचा, तो रकाने भरण्यात जातो.

खरे मूल्यमापन आणि त्याचे सोंग यांतला फरक ओळखण्याची खूण एकच आहे: त्यातून काही बदलले का? समजा, तीन वर्षांच्या प्रबंधांवरून असे आढळले, की विद्यार्थी लाटांच्या नोंदी हाताळताना संख्याशास्त्रात अडखळतात. मग तो विषय दुसऱ्या सत्रातून पहिल्या सत्रात आणावा, प्रत्यक्ष समुद्रातील नोंदींवर, ज्यांत खंड पडलेले असतात आणि उपकरणाच्या चुका असतात अशा नोंदींवर, काम करावयास द्यावे. आणि पुढील दोनतीन वर्षे त्याच पायऱ्यांनी पुन्हा पाहावे. सुधारणा दिसली तर ठीक; न दिसली तर उपाय चुकला असे मानून दुसरा शोधावा. सागरी अभियंता आपल्या प्रतिकृतीवर नेमके हेच करतो: मोजतो, बदलतो, पुन्हा मोजतो. जी शिस्त तो बंधाऱ्याच्या दगडांना लावतो, ती स्वतःच्या अध्यापनाला लावण्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय येथील तेलक्षेत्रात एक जहाज मंचाच्या नळांवर आदळले, आग भडकली, आणि थोड्या तासांत मंच नाहीसा झाला. २२ माणसे दगावली. अशा ठिकाणी पुढची पिढी काम करणार आहे. तिच्यात मराठी घरांतील मुलेमुलीही असतील. त्यांना एखाद्या अभ्यासक्रमाला पाठवताना पालक साहजिकच विचारतात की निकाल किती टक्के लागला आणि नोकऱ्या किती मिळाल्या. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा: आपल्या विद्यार्थ्यांना काय येत नाही हे या विभागाला गेल्या काही वर्षांत कधी आढळले का, आणि आढळल्यावर त्याने काय बदलले? ज्या विभागाजवळ या प्रश्नाचे साधे, ठोस उत्तर असेल, त्याच्या पदवीवर निर्धास्तपणे विसंबावे.